युरोपियन गाडीचे ब्रेक: आधी मोजा, मग पाना उचला

युरोपियन गाडी पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार ब्रेकबद्दल नसते, चाकांबद्दल असते. पुढची अलॉय व्हील्स सतत काळी. धुवा, पुसा, चार दिवसांत पुन्हा तीच गत. मागच्या गाडीत असं कधी व्हायचं नाही, म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय, असं त्याला वाटतं. बिघडलेलं काही नसतं. ती काजळी म्हणजे पॅड आणि डिस्क दोघांचीही झालेली झीज असते, आणि गाडी मुळात तशीच बनवलेली असते.

कारण सरळ आहे. जर्मनीतल्या ऑटोबानच्या बऱ्याच पट्ट्यांवर सक्तीची वेगमर्यादा नाही. ताशी २०० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला जी उष्णता पचवावी लागते ती १०० वरून थांबतानाच्या चौपट असते. ते काम बिनतक्रार व्हावं म्हणून पॅडचं मिश्रण जास्त पकडीचं ठेवलेलं असतं. असा पॅड स्वतः झिजतो आणि डिस्कलाही खातो. त्यामुळे ‘पॅड बदलायचे, डिस्क जन्मभर चालते’ हा इतर गाड्यांवर मुरलेला हिशेब इथे लागू पडत नाही. बहुतेक वेळा पॅडच्या दुसऱ्या जोडीबरोबर डिस्कही जातात, आणि जड गाडीत कधीकधी पहिल्याच जोडीबरोबर. हे एकदा मनाशी धरलं की पुढची बरीचशी चिडचिड वाचते.

पाना हातात घेण्याआधी

आठवड्यातून एकदा बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजतात तसा त्यांना डिस्कवर दाबणारा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं, म्हणून पातळी हळूहळू उतरते. हे नैसर्गिक आहे. नवशिके इथेच पहिली चूक करतात: पातळी उतरलेली दिसली की वर भरतात. भरू नका. ती डबी तुम्हाला पॅडची खबर देत असते, तिचं तोंड कशाला बंद करायचं? पातळी ‘मिन’च्या खाली गेली, किंवा एकाएकी उतरली, तर मात्र गळती शोधायची. तोपर्यंत गाडी उभी.

कानही वापरा. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर आली आणि नंतर थांबली, तर ते रात्रीतून डिस्कवर धरलेलं गंजाचं पापुद्रं असतं, सोडून द्या. दाबल्यावर दरवेळी लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर मात्र गाडी बाहेर काढू नका. ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं तेव्हा लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. डिस्क सहसा वाकत नाही. तिची जाडी फिरताना सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचे एक-दोन भाग फरक पडला तरी तो हाताला जाणवतो. त्याचं मूळ पुष्कळदा हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या, तोंडावरच्या गंजात सापडतं, त्याबद्दल पुढे येतंच.

आता मोजमाप. पॅडच्या घासणाऱ्या थराची जाडी नवी असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असते, मागची लोखंडी पट्टी सोडून. ३ मिलिमीटर उरले की पॅड मागवा. २ च्या खाली जाऊ देऊ नका. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा, बऱ्याचदा त्याच्या आधी संपतो. तेव्हा चाक काढून पाहिल्याशिवाय ‘अजून भरपूर आहेत’ असं म्हणू नये.

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, टोपीसारख्या मधल्या भागावर किंवा कडेवर: ‘मिन टीएच’ आणि पुढे आकडा. २४ मिलिमीटरच्या डिस्कवर तो २२.४ असू शकतो. म्हणजे सगळा खेळ दीड-पावणेदोन मिलिमीटरचा. इथे साधा व्हर्नियर तुम्हाला फसवतो, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला न घासलेला उंचवटा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे त्यावरच टेकतात. दोन एकसारखी नाणी घ्या, उंचवट्याच्या आत डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक धरा, त्यावरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. मायक्रोमीटर असेल तर उत्तमच, पण नाण्यांनी काम होतं. चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा खरा धरा. नवे पॅड घालताना डिस्क किमान जाडीच्या अगदी जवळ आली असेल तर ती तेव्हाच बदलावी. पॅड संपेपर्यंत ती नक्की खाली जाणार.

डॅशबोर्डवरचा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

पॅडमध्ये खोवलेली वायर डिस्कला टेकली की दिवा लागतो, इतकं साधं ते यंत्र आहे. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये असे दोनच सेन्सर असतात, पुढे डाव्या चाकाला आणि मागे उजव्या चाकाला. उरलेल्या दोन चाकांचं गाडीला काहीच कळत नाही. उजव्या पुढच्या कॅलिपरची (पिस्टन आणि पॅड धरून डिस्कला कवेत घेणाऱ्या भागाची) सरकपिन, म्हणजे तो ज्यावर मागेपुढे सरकतो ती पिन, अडकली आणि तिथला पॅड पार संपला, तरी दिवा गप्प राहील. म्हणून दिवा म्हणजे शेवटची घंटा समजायची. वायर एकदा घासली की सेन्सर गेला, तो नव्या पॅडबरोबर बदलावाच लागतो, आणि नंतर सर्व्हिसचा हिशेब शून्यावर आणावा लागतो. सेन्सर तुटका ठेवून रीसेट करायला गेलात तर गाडी ऐकत नाही.

सुटे भाग मागवताना

एकाच मॉडेलला दोन-तीन मापांचे ब्रेक बसवणं ही युरोपियन कंपन्यांची जुनी खोड. नुसतं मॉडेल आणि साल सांगून मागवलेले पॅड हमखास चुकतात. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा, सेआत या घराण्यात पीआर कोड बघा. डिकीत सुट्या चाकाच्या खळग्यात किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो. त्यावर १झेड किंवा १एल ने सुरू होणारा तीन अक्षरांचा कोड पुढच्या ब्रेकचा, आणि १के ने सुरू होणारा मागच्यांचा. बीएमडब्ल्यूसाठी चॅसी नंबरची शेवटची सात अक्षरं पुरतात, मर्सिडीजसाठी पूर्ण नंबर द्या.

पॅड कंपनीचाच हवा असा हट्ट नको. एटीई, टेक्स्टार, ब्रेम्बो, टीआरडब्ल्यू ही नावं गाडी कंपन्यांनाच माल देणाऱ्यांची आहेत. पण पॅडच्या पाठीवर वर्तुळातला ‘ई’ आणि त्याच्याशेजारी आकडा आहे का, ते पाहा. ती युरोपच्या आर ९० नियमाची मान्यता. बदली पॅडचा जोर मूळ पॅडच्या जवळपास, १५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे, असा तो नियम. ‘ई १’ म्हणजे मान्यता जर्मनीने दिली, ‘ई २’ फ्रान्सने, ‘ई ११’ ब्रिटनने. माल कुठे बनला हे तो आकडा सांगत नाही. आणि खोक्यावर छापलेली खूण पुरेशी नाही, ती पॅडवर हवी.

पुढचे पॅड आणि डिस्क, क्रमाने

सपाट, कडक जमीन. मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करा, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. बहुतेक युरोपियन गाड्यांत हबमधून बाहेर आलेले स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातो. शेवटचा बोल्ट काढला की चाक पायावर येतं. मर्सिडीजच्या हत्यारांत यासाठी एक लांब पिन दिलेली असते, ती वरच्या भोकात फिरवली की चाक तिच्यावर टांगून राहतं. इतर गाडीसाठी त्याच आट्याची पिन मिळवून ठेवा.

स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे कॅलिपर समोर येईल. एटीईचा कॅलिपर असेल तर बाहेरून तारेची एक जाड स्प्रिंग दिसते. तिच्या एका टोकाला स्क्रू ड्रायव्हर लावताना दुसरा हात तिच्यावर ठेवा, सुटली तर थेट तोंडावर येते. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या दोन टोप्या, त्यांच्या आत सरकपिना, आणि त्यांना ७ मिलिमीटरची ॲलन की लागते. हे माप साध्या संचात बहुतेक नसतं, आधीच आणून ठेवा. पिना निघाल्या की कॅलिपर बाहेर येतो. तो रबरी होजवर लोंबकळू देऊ नका. तारेचा एक आकडा करून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा.

पिस्टन आत ढकलण्याआधी ऑइलची डबी पुन्हा एकदा पाहा. कोणी मध्ये ऑइल वर भरलं असेल तर आता ते उतू जाईल, आणि ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं. झाकण उघडून भोवती फडकं गुंडाळा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. पिस्टन अडखळत गेला किंवा त्याभोवतीची रबरी टोपी फाटलेली दिसली, तर कॅलिपरचं काम निघालं. ते पॅडखाली झाकू नये.

डिस्क बदलायची असेल तर कॅलिपरचा कंस, म्हणजे कॅरियर, त्याचे दोन मोठे बोल्ट काढा. बऱ्याच मॉडेलांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवे घ्या. डिस्कला धरून ठेवणारा एक छोटा स्क्रू असतो. फोक्सवॅगनवर तो टी ३० टॉर्क्स, बीएमडब्ल्यूवर ६ मिलिमीटरचा ॲलन. वर्षानुवर्षं गंजून बसलेला. नुसता जोर लावला तर डोकं गोल होतं आणि सगळी दुपार त्यात जाते. आधी हातोड्याने दोन ठोके, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर.

डिस्क निघाली की हबचं तोंड समोर येतं. खरं काम इथे आहे. तारेच्या ब्रशने तो पृष्ठभाग लख्ख होईपर्यंत घासा, मधल्या उंचवट्याभोवतीचा कोपरासुद्धा. तिथे अडकलेला गंजाचा एक पापुद्रा डिस्कच्या बाहेरच्या कडेला कितीतरी पट डोलवतो, आणि दोन-तीन हजार किलोमीटरांनी स्टीअरिंग थरथरायला लागतं. मग दोष नव्या डिस्कला जातो. घासायला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच वाचवली जातात. नवी डिस्क तेलकट असते, ब्रेक क्लीनरने दोन्ही अंगं पुसून घ्या. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क.

आता ग्रीस. इथे प्रत्येकाचं मत वेगळं, माझंही आहे: जितकं कमी तितकं बरं. पॅडचे कान कॅरियरमध्ये जिथे सरकतात तिथे सिरॅमिक पेस्टचा पातळ हात पुरे. तांब्याची पेस्ट ॲल्युमिनियमच्या कॅलिपरपासून आणि एबीएस सेन्सरपासून दूर ठेवावी. एटीईच्या ज्या सरकपिना रबराच्या बुशमध्ये चालतात त्या बीएमडब्ल्यू कोरड्याच ठेवायला सांगते. ग्रीसने रबर फुगतं. पिन चकचकीत पुसा, गंजाचे खड्डे असतील तर बदला. पॅडच्या पाठीवर चिकटपट्टी असेल तर कागद सोलूनच लावायचा. आतला आणि बाहेरचा पॅड वेगळे असतात, स्प्रिंगच्या पाकळ्या असलेला पिस्टनमध्ये बसतो.

बसवताना प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. अनेक बीएमडब्ल्यूंच्या सरकपिना ३० न्यूटन-मीटर, अनेक फोक्सवॅगन-ऑडींचे चाकाचे बोल्ट १२०. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीवरून उचलू नका.

आणि गाडी खाली उतरवली, हत्यारं आवरली, की इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या चार-पाच दाबांना पेडल सरळ तळाला जातं. हे मला पुस्तकातून कळलं नाही. पहिल्यांदा पॅड बदलले तेव्हा कामावर इतका खूश होतो की तसाच बसलो, गाडी रिव्हर्स टाकली, पेडल दाबलं आणि पाय थेट गालिच्याला टेकला. वेग चालण्याइतकाच होता म्हणून मागच्या भिंतीने फक्त बंपर खाल्ला.

मागचे ब्रेक: इथे गाडी आपल्यापेक्षा जास्त शहाणी असते

पुढचे ब्रेक जास्त काम करतात म्हणून आधी तेच संपणार, हा अंदाजही आजच्या गाड्यांत चुकतो. ट्रॅक्शन कंट्रोल, घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी, आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, चढावर धरून ठेवणं, या सगळ्यांत मागचे ब्रेक तुमच्या नकळत वापरले जातात. मागचे पॅड आधी संपलेले दिसले तर आश्चर्य नको.

मागच्या पिस्टनचे तीन प्रकार नीट ओळखा. तारेच्या हँडब्रेकवाल्या बहुतेक फोक्सवॅगन-स्कोडांत पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत दाबावा लागतो. त्यासाठी वेगळं साधन मिळतं. क्लॅम्पने जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. बटणाच्या हँडब्रेकवाल्या गाडीत कॅलिपरच्या पाठीवर छोटी मोटर असते. तिथे आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये न्यायची, म्हणजे मोटर आपला स्क्रू मागे घेते आणि मग पिस्टन सरळ आत जातो. काही गाड्यांत हा पर्याय मेनूतच मिळतो, नाहीतर डायग्नोस्टिक यंत्र लागतं. बॅटरीला चार्जर लावून ठेवा आणि काम संपेपर्यंत बटणाला कोणी हात लावणार नाही याची सोय करा. तिसरा प्रकार बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि जुन्या मर्सिडीजचा: डिस्कच्या टोपीतच हँडब्रेकचा छोटा ड्रम. पिस्टन साधा असतो, पण डिस्क निघत नसेल तर ठोकू नका. हँडब्रेक सोडा, चाकाच्या बोल्टच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून दातेरी ॲडजस्टर मागे फिरवा, मग ती अलगद निघते.

एक अपवाद जिवावरचा आहे. २००१ मध्ये आलेल्या पिढीची मर्सिडीज एसएल आणि २००२ ते २००६ ची डब्ल्यू २११ ई-क्लास यांत एसबीसी नावाची विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा होती. गाडी नुसती अनलॉक केली किंवा दार उघडलं तरी ती स्वतःहून दाब तयार करते आणि पिस्टन बाहेर फेकते. तेव्हा बोटं मध्ये असतील तर चिरडतात. डायग्नोस्टिकवरून ती बंद केल्याशिवाय चाकही काढू नये. नवशिक्याने या गाडीच्या वाटेला जाऊच नये.

ब्रेक ऑइल

ज्याला आपण ऑइल म्हणतो ते तेल नाहीच, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे आणि तो हवेतलं पाणी ओढतो. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकात मागितलेला आकडा १५५ वर येतो. लांब उतारावर कॅलिपर तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. गाडी कमी चालली म्हणून पाणी कमी मुरतं असं नाही. दर २ वर्षांनी बदला. फोक्सवॅगन घराण्यात नव्या गाडीला पहिल्यांदा ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी, असं वेळापत्रक सर्रास असतं. रंगावरून ठरवू नका.

ईएसपी असलेल्या गाडीत बहुधा कमी चिकटपणाचं डॉट ४ लागतं, डब्यावर एलव्ही किंवा क्लास ६ लिहिलेलं. ईएसपीच्या पंपाला ते बारीक वाटांमधून क्षणात ओढायचं असतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ ची जात मात्र डॉट ४ चीच. डब्याचं सील फोडलं की उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. सिट्रोएनच्या जुन्या हायड्रोन्यूमॅटिक गाड्या, बीएक्स किंवा एक्सएम, या वेगळ्याच: त्यांत हिरवं एलएचएम हे खनिज तेल असतं. त्यात डॉट ४ ओतलं, किंवा इतर गाडीत खनिज तेल गेलं, तर रबराची प्रत्येक सील बदलण्याची पाळी येते.

ऑइल बदलणं हे काम दोघांचं, किंवा डबीतून दाबाने नवं ऑइल ढकलणाऱ्या प्रेशर ब्लीडरचं. ब्लीडरमध्ये दाब १.५ ते २ बार पुरतो. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढा, नवं भरा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (डबीखालच्या, पेडलने दाबल्या जाणाऱ्या सिलिंडरपासून) लांबचं चाक आधी, पण सगळ्यांत नाही. कॅलिपरवरच्या निपलवर, म्हणजे ऑइल बाहेर सोडणाऱ्या छोट्या स्क्रूवर, पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. जोडीदार पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल पाव फेरा उघडता, बंद करता, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच तो पाय उचलतो. हा क्रम उलटला तर हवा आत जाते. मधूनमधून डबी बघा. ती कोरडी पडून एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर ती डायग्नोस्टिक यंत्राशिवाय निघणं कठीण. साधारण लिटरभर ऑइल लागतं. मॅन्युअल गिअरच्या बऱ्याच युरोपियन गाड्यांत क्लचही याच डबीतून पितो, आणि त्याची नळी डबीला थोडी वर जोडलेली असते. म्हणून तेही बदला; तिथलं ऑइल सर्वांत काळं निघतं.

होज वाकवून पाहा, भेगा दिसल्या तर बदला. आतून सुजलेला होज बाहेरून धडधाकट दिसतो पण कॅलिपर सोडत नाही. फेरी मारून आल्यावर एकच चाक जास्त गरम लागलं तर संशय घ्या. पेडल एकदम दगडासारखं झालं तर पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरची व्हॅक्यूम नळी आणि तिचा एकतर्फी व्हॉल्व्ह तपासा. डिझेल आणि बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तोही.

नवे ब्रेक मुरवणं

मोकळा रस्ता बघून ताशी ८० वरून ३० पर्यंत मध्यम दाबाने दहाएक वेळा या, मध्ये थोडं चालवून डिस्कला वारा लागू द्या. पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की त्याचा ठसा उमटतो, आणि तोच पुढे थरथर बनतो. नंतरचे दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक मारू नका. दुसऱ्या दिवशी चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि निपलांभोवती ओल नाही ना ते पाहा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर दुखणं उलटं असतं. मोटरच गाडी थांबवते, डिस्क आळसावते आणि गंजते. फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ ला मागे चक्क बंदिस्त ड्रम दिले, त्यामागे हेही एक कारण आहे. डिस्कवाल्या गाडीत आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, मोटरचं ब्रेकिंग कमीत कमी करा आणि खऱ्या ब्रेकने चार-पाच वेळा ठाम थांबा. नंतर उतरून डिस्क बघा: दोन्ही अंगं कडेपर्यंत सारखी चमकत असतील तर ठीक, एखाद्या अंगावर तपकिरी पट्टा तसाच राहिला असेल तर त्या बाजूचा पॅड नीट टेकत नाही, चाक काढून सरकपिना बघा.